डाळमिलमधे नवीन प्रॉडक्ट सुरू होतात आणि अर्ध्यात लटकतात, तुमच्याकडे हे कोण बघतं?

मोगरवाली_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे, तूर, मूग, उडीद. आजोबांनी सुरू केलेली, आता पप्पा आणि काका बघतात आणि पुण्याहून फूड टेक करून आल्यापासून मी पण. माणसं तीसेक, हमाल वेगळे. धंदा ठीक चाललाय, रडगाणं नाहीये, पण मार्जिन असं की क्विंटलमागे ५० रुपये इकडचे तिकडे झाले की महिन्याचा हिशोब फिरतो, म्हणून घरात सगळ्यांनाच वाटतं की आपलं स्वतःचं काहीतरी नवीन पाहिजे.

आणि सुचायची काहीच कमी नाही हो! काका प्रदर्शनाला जाऊन आले की पाऊच पॅकिंगचं मशीन. आत्तेभावाने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला की डाळीचं प्रोटीन पीठ. मी विनापॉलिश तूर एक किलोच्या पॅकमधे विकू म्हणत होते. आई म्हणते कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ काढा, पुण्या-मुंबईतली आपली माणसं कळण्याच्या भाकरीसाठी जीव टाकतात. सगळं थोडं थोडं सुरू होतं, मग मूग-उडदाची आवक लागली की पप्पा मार्केट यार्डात, काका वसुलीत, मी बिलं आणि ट्रान्सपोर्टमधे, आणि नवीन काम जिथं असेल तिथं बसतं. बंद केलं असं कोणी म्हणत नाही, चालू आहे असंही नाही. पॅकिंग मशीनवर ताडपत्री टाकलीय आणि ताडपत्रीवर आता बारदान ठेवतात.

मधे एक कन्सल्टंट येऊन गेले, म्हणे तुम्हाला इनोव्हेशन मॅनेजमेंटची आयएसओ सिस्टीम लावून देतो, सर्टिफिकेट पण मिळेल. कोटेशन बघून पप्पांनी चहा पाजून रवाना केलं.

तर मला एवढंच विचारायचंय की आपल्यासारख्या घरच्या धंद्यात नवीन गोष्ट करायची की नाही हे कोण ठरवतं, पैसे किती टाकायचे, थांबायचं कधी, आणि सीझनमधे ते काम बघतं कोण? पुस्तकी नको प्लीज, तेवढं एमबीएवाल्या मैत्रिणीकडून ऐकून झालंय.

---

पांझराकाठ_धुळे

ताई, आयएसओचा विषय आधी संपवतो. ५६००२ नावाचं २०१९ साली आलं ते नुसतं मार्गदर्शन, त्यावर सर्टिफिकेट नसतं. सर्टिफिकेटवालं ५६००१, ते २०२४ मधे आलं. वाईट नाहीये, मोठ्या कंपनीला माल देणाऱ्याला पुढेमागे कामाला येईल, पण तुमचं गिऱ्हाईक म्हणजे होलसेल किराणावाला, तो आयुष्यात कधी विचारणार आहे का? पप्पांनी चहा पाजला ते बरोबर केलं.

मी पुण्यात गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत नवीन प्रॉडक्टच्या खात्यात होतो, आता रिटायर होऊन धुळ्यात. तिथं जी पद्धत होती तिला स्टेज-गेट म्हणतात, रॉबर्ट कूपर म्हणून कॅनडातले प्राध्यापक आहेत त्यांनी १९८० च्या दशकात मांडलेली. काम टप्प्यात तोडायचं आणि दोन टप्प्यांच्या मधे फाटक ठेवायचं. फाटकावर विचारायचं, पुढे सोडायचं, परत करून आणायला सांगायचं, थांबवून ठेवायचं, की बंद? या चारातलं एक उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा रुपया सुटत नाही. मोठ्या कंपनीत याच्या फायलीच्या फायली होतात आणि त्यात लोकांचे प्रमोशन अडकतात तो भाग सोडा, तुम्हाला एक दोनशे पानी वही पुरे.

आता कळण्याचं पीठच घ्या. पहिल्या टप्प्यात मशीनचं नावच काढायचं नाही, गल्लीतल्या गिरणीवर २० किलो दळून आणायचं आणि किलो-किलोच्या साध्या पिशव्या करून ओळखीत विकायच्या, विकायच्या म्हणतोय मी, वाटायच्या नाहीत, कारण फुकट दिलेल्या पिठाला सगळा गाव छान म्हणतो. बघायचं काय तर महिन्याभरात दुसऱ्यांदा मागितलं किती जणांनी. दुसरा टप्पा टिकण्याचा. सीलबंद पाकिटं पावसाळ्यात कपाटात ठेवायची, दर आठवड्याला एक फोडून भाकरी थापायची, आणि पिठाची विरी कोणत्या आठवड्यात जाते, वास कधी येतो ते वहीत. बेस्ट बिफोर काय छापायचं ते त्यावरून ठरेल. तिसऱ्यात लेबल, फूड लायसन्समधे नवीन कॅटेगरी, डिस्ट्रिब्युटरचं मार्जिन धरून खरा खर्च. चौथ्यात मशीन. तुमच्याकडे चौथा टप्पा आधी झाला आणि पहिला राहिला, बारदान त्याच्यामुळे.

प्रत्येक टप्प्याच्या आधी वहीत लिहायचं की किती पैसे, कोणती तारीख, आणि काय झालं तर बंद. आधीच लिहायचं, कारण पैसे गुंतल्यावर माणसाला चालू ठेवायला शंभर कारणं सापडतात. ज्याची आयडिया त्याने फाटकावर बसायचं नाही. काकांच्या मशीनचा निर्णय काकांनी घ्यायचा नाही आणि तुमच्या विनापॉलिशचा तुम्ही नाही.

सीझनचं म्हणाल तर फाटकाची तारीख सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तुरीच्या आवकेत, म्हणजे जानेवारी ते मार्च, ठेवूच नका. तेव्हा घरात कोणी ऐकून घेण्याच्या अवस्थेत नसतं.

---

सावदा_वेफर्स

धुळ्याच्या काकांचं वाचलं, बरोबर असेल, पण वहीत लिहून धंदे झाले असते तर सगळे मुनीम शेठ झाले असते भो 😀

आमचं केळी वेफर्सचं आहे, छोटं युनिट. माझं म्हणणं वेगळं आहे. ताई, तुमच्याकडे आयडिया पण आहे, पैसा पण आहे, नाहीये तो माणूस. ज्याच्याकडे रोजची मिल आहे त्याच्याकडे नवीन काम दिलं की ते मेलंच समजा, कारण मिल बंद पडली तर दहा मिनिटात फोन येतो आणि नवीन काम बंद पडलं तर कोणाचाच येत नाही. आमच्याकडे मसाला वेफर्स कितीतरी दिवस नुसते बोलण्यात होते, शेवटी पुतण्याला सांगितलं तू कढईकडे बघायचं नाही, माल भरायचा नाही, तुझं काम हेच. तेव्हा कुठं हललं. पगार एकाचा जास्त गेला आणि घरात बोलणीही खाल्ली, पण हललं.

दुसरं, पॅकिंग आणि माल ह्या दोन गोष्टी वेगळ्या समजू नका. कच्चं केळं कापलं की काळं पडतं म्हणून आपण कढईवरच किसतो हे सगळ्यांना माहितीये, पण तळून झाल्यावर पण ते खराब होत असतं, साध्या पारदर्शक पिशवीत हवा आणि उजेड लागून तेल खवट होतं. चांदीवाली पिशवी आणि आत नायट्रोजन, हे केल्यावर लांबची ऑर्डर घेता येते. म्हणजे चवीत तसूभर फरक न करता फक्त पिशवी बदलून मार्केट बदलतं. पिठाचं पण तेच होणार, त्याला दमट हवा मारते.

आणि ओळखीत विकू नका हे काकांना सांगणं आहे. मावशी दुसऱ्यांदा पण घेईल, तिला तुमच्या आईशी बोलायचं असतं. अनोळखी दुकानदाराकडे भुसावळला नाहीतर पाचोऱ्याला ठेवा, उरलेलं परत घेईन सांगा, आणि महिन्याने किती परत आलं ते मोजा.

---

पांझराकाठ_धुळे

अनोळखी दुकानाचं मान्य, माझ्यापेक्षा बरं सांगितलंत. माणसाचं पण मान्य. पण तुमच्या पुतण्याला कोणी सांगितलं होतं का की अमुक तारखेपर्यंत जमलं नाही तर परत कढईवर? नसेल सांगितलं तर नशीब बरं होतं म्हणा.

---

सावदा_वेफर्स

आमच्या वहिनींनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत. वहीत नव्हतं एवढंच 😄

---

रोल_आणि_चाळणी

मी डाळमिलच्याच मशिनरीचं मेंटेनन्स करतो, जळगाव, चोपडा, अमळनेर असं फिरणं असतं, म्हणून राहवत नाही. सगळे पाकीट आणि पिठावर बोलताय, मिलच्या आत काय चाललंय ते कोणी विचारतच नाहीये.

तुरीला टरफल १५ टक्क्यांच्या आत-बाहेर असतं, म्हणजे कागदावर ८५ च्या आसपास डाळ निघायला पाहिजे, जुन्या पद्धतीच्या मिलमधे निघते ७० ते ७५. मधलं जातं कुठं? चुनीत, म्हणजे जनावरांना जाणाऱ्या तुकड्या-कोंड्यात, आणि पावडरीत. टरफल घासून काढणाऱ्या रोलचा एमरी, म्हणजे खरखरीत थर, एका बाजूने झिजलेला असतो, तरी चालवतात, मग दाण्याला कुठं ओरखडा बसतो कुठं नुसता दाणाच घासला जातो. तेल लावून माल उन्हात टाकतात, पाऊस आला की गोळा करतात, अर्धवट वाळलेला माल पुन्हा रोलवर, गोटा, म्हणजे सोललेला अख्खा दाणा, नीट सुटत नाही, मग अजून एक पास, अजून पावडर. आता हिशोब करा. समजा दिवसाला १० टन तूर आहे, एक टक्का जास्त डाळ निघाली तर १०० किलो. डाळीच्या आणि चुनीच्या भावात किलोला ६० रुपयांचा फरक धरला तरी दिवसाचे ६,००० झाले. कुठलं पीठ विकून एवढे सुटणार आहेत पहिल्या वर्षात? आणि यात गिऱ्हाईक शोधायचं नाही, लेबल नाही, उधारी नाही.

इनोव्हेशन म्हटलं की लोकांना नवीन पाकीट दिसतं. वाळवणीसाठी ड्रायर टाकणं, ओलावा मोजायचं मीटर घेणं, रोलचा स्पीड मालाप्रमाणे बदलणं हे पण त्याच वहीत यायला पाहिजे, आणि माझ्या मते पहिल्या पानावर.

आणि हे सुचणार कोणाला, तर रोलवर उभा असतो त्याला. एका मिलमधे एक म्हातारा ऑपरेटर आहे, तो मूठभर माल घेऊन नुसता दाबून सांगतो की याला अजून अर्धा दिवस ऊन पाहिजे. शेठला विचारलं तर म्हणे, तो काही बोलत नाही कधी. बोलत नाही कारण विचारत नाही! टोयोटाचे एजी टोयोडा १९५० ला अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघून आले आणि १९५१ मधे त्यांच्याकडे कामगारांच्या सूचनांची योजना सुरू झाली, अजून चालू आहे. आपल्याकडे पेटी लावतात आणि पेटीला कुलूप, किल्ली कोणाकडे माहीत नाही. पेटी नको, शनिवारी पगार वाटताना दोन मिनिटं विचारा, आणि जो काही सांगेल त्याला आठ दिवसात हो किंवा नाही कळवा, नाही असेल तर का नाही ते पण. उत्तर आलं नाही की माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

---

मोगरवाली_जळगाव

बापरे, एवढं सगळं! रोल-चाळणी दादा, तुमचा हिशोब पप्पांना वाचून दाखवला, ते चष्मा काढून म्हणाले हा माणूस कोण आहे, त्याला बोलव. आमचा आकडा किती ते इथं लिहीत नाही पण ७५ पेक्षा खालीच आहे.

सावदा दादा, माणूस वेगळा काढायचं पटतंय पण तो माणूस मीच असणार आणि मग ट्रान्सपोर्ट कोण बघणार यावर परत घरात चर्चा 😅

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे कॉपी. इथं एकाने काही काढलं की सहा महिन्यात शेजारच्या प्लॉटमधे तेच निघतं, काका म्हणतात आधी पेटंट घे मग बाहेर काढ. दुसरं, एक ओळखीचे म्हणतायत की प्रक्रिया उद्योगाची ३५ टक्के सबसिडी आहे, लगेच फाईल टाका, मशीन अर्ध्यात पडेल. ती घ्यावी का?

---

फाईल_आणि_मुदत

पेटंट-ट्रेडमार्कची कागदं करण्यात माझा दिवस जातो म्हणून लिहितोय. कळण्याच्या पिठाला पेटंट मिळणार नाही, काकांना स्पष्ट सांगा. पेटंट कायद्यात कलम ३ मधेच आहे की नुसतं मिश्रण चालत नाही आणि परंपरेने चालत आलेलं ज्ञान पण चालत नाही, ज्वारी आणि उडीद एकत्र दळणं हे आपल्या पणज्या करत होत्या. तुमच्या हातात आहे ते नाव. ट्रेडमार्क करा, छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, मोठ्यांना ९,०००, त्यासाठी उद्यम नोंदणी जवळ ठेवा. पाकिटाचा किंवा डब्याचा आकार वेगळा असेल तर डिझाइन नोंदवता येतं, १० वर्षं आणि पुढे ५ वाढवून.

पेटंटचा विचार करायचाच तर वर जे वाळवणी आणि रोलबद्दल लिहिलंय तिकडे करा. मशीनमधे खरंच नवीन काही जमलं तर आधी प्रोव्हिजनल अर्ज टाकायचा, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, आणि तोपर्यंत प्रदर्शनात मांडायचं नाही, रील टाकायचं नाही. लोक आधी फेसबुकवर मशीन चालवून दाखवतात आणि मग माझ्याकडे येतात, तेव्हा सांगायला वाईट वाटतं.

सबसिडी खोटी नाहीये, पीएमएफएमई म्हणून २०२० ची केंद्राची योजना, ३५ टक्के, कमाल १० लाख, कर्जाशी जोडलेली. चालू मुदत आणि तुम्ही बसता का ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. पण माझं प्रामाणिक मत, सबसिडीमुळे लोक मशीन आधी घेतात आणि गिऱ्हाईक नंतर शोधतात, धुळेकर काकांनी सांगितलेला क्रमच उलटा होतो. ६५ टक्के तर आपलेच ना, त्यातही कर्जाचं व्याज. दोन फाटकं पार झाल्यावर फाईल टाका. नवीन कल्पनेसाठीच पाहिजे असेल तर एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) खात्याची इनोव्हेटिव्ह नावाची योजना २०२२ पासून आहे, त्यात इन्क्युबेशन (नवीन कल्पना उभी करायला मदत), डिझाइन आणि पेटंट-ट्रेडमार्क असे वेगळे भाग आहेत, ती एकदा वाचा. आणि आपल्या विद्यापीठात बांभोरीला इन्क्युबेशनवाले बसतात, त्यांना भेटायला पैसे लागत नाहीत.

---

मेहरूण_९१

सगळं वाचलं. मला एकच शंका आहे धुळेकर काकांना. आपल्याच गावचं उदाहरण घ्या, जैन इरिगेशनवाले भवरलालजी जैन. १९७८ मधे त्यांनी केळीच्या पावडरचा आजारी कारखाना घेतला, लोक नावं ठेवत होते. त्यांच्याकडे तुमची वही असती आणि तिच्यात लिहिलं असतं की अमुक तारखेला बंद, तर पुढचं काहीच झालं नसतं. मोठं काम फाटकावर बसून होत नाही, अंगात धमक लागते.

---

पांझराकाठ_धुळे

चांगलं उदाहरण काढलंत, फक्त पूर्ण सांगा. त्या कारखान्यात पुढे काय बनलं? पपईच्या चिकापासून पपेन. म्हणजे केळी पावडर सोडून दिली आणि तीच जागा, तीच यंत्रं नवीन कामाला फिरवली. बंद करता आलं म्हणून पपेन आलं, पावडरीलाच चिकटून बसले असते तर काय झालं असतं? धमक मान्य, ती वहीने येत नाही. पण कारखान्याला बंद म्हणणं आणि प्रॉडक्टला बंद म्हणणं यातला फरक त्यांना कळत होता. मोगरवाली ताईंचं पाऊच मशीन विकून टाका असं मी म्हणतच नाहीये. त्यात विनापॉलिश तूर जाईल, नाही तर पीठ जाईल, नाही तर कोणाचं तरी जॉबवर्क.

---

मेहरूण_९१

जॉबवर्क! हे बरंय. आव्हाण्याकडे एक मसालेवाला पॅकिंगसाठी मशीन शोधतोय, ताई, मेसेज करतो तुम्हाला.

---

मोगरवाली_जळगाव

घरात बसून ठरवलं ते लिहिते. आखाजी (अक्षय तृतीया) झाली, आता मिल जरा मोकळी आहे, म्हणून पोळ्याच्या आत दोनच कामं. पहिलं वाळवणी आणि रोलचं, रोल-चाळणी दादा येत्या आठवड्यात येतायत, ते पप्पा स्वतः बघणार. दुसरं कळण्याचं पीठ, ते माझ्याकडे, २० किलो, भुसावळ आणि पाचोऱ्याच्या अनोळखी दुकानात, १५,००० च्या वर एक रुपया नाही, आणि पोळ्यापर्यंत निम्म्या दुकानांनी परत मागवलं नाही तर बंद. फाटकावर काका बसणार. काका खूष आहेत कारण त्यांना नाही म्हणायला आवडतं. ट्रान्सपोर्ट तीन महिने आत्तेभावाकडे, त्याने व्हिडिओ पाठवले त्याची ही शिक्षा. प्रोटीन पीठ वहीत 'थांबवलं' खाली.

आता मला खरंच मदत पाहिजे ती ज्वारीची. दादर घेऊ की मालदांडी? आई म्हणते दादरच, काका म्हणतात भाव बघ.

---

सावदा_वेफर्स

दादर. विचारता काय! हायब्रीडची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तुटते आणि मग गिऱ्हाईक म्हणेल पीठ खराब. मालदांडी चांगली असते पण आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना कळण्यात दादरचीच चव पाहिजे. आत्ता नवीन माल आहे बाजारात, घेऊन ठेवा, पावसात किडे लागतात.

---

रोल_आणि_चाळणी

आणि उडीद सालासकट टाका, तुमच्या सवयीने मोगर (सोललेली डाळ) घालाल 😀 मी बुधवारी येतो, रोल थांबवून ठेवा सकाळी, गरम रोलवर मला काही मोजता येत नाही.